अळणी

“अळणी झाला?” दादाने पडवीतून विचारलं आणि मी “हो” म्हटलं.

झालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, हवा अशी दाटलेली की माडाचं झावळ हलत नव्हतं. दादाची होडी घरामागे नदीकाठाला लागली होती. मशीन तिरकं करून पाण्याबाहेर उचललेलं, त्याच्या पुढच्या अंगाला असलेल्या नळीच्या तोंडावर हिरवा पाइप मीच फिरवून घट्ट बसवलेला. दिवसभर पर्यटकांना डॉल्फिन दाखवून दादा करपून आला होता. “बाय, आज मशीनाक तू पाणी लाव गो. अळणी झाला की बंद कर,” एवढं म्हणून तो पडवीत जाऊन आडवा झाला. दहा मिनिटांचं काम. मी दोन मिनिटांत नळ बंद केला, कारण स्वयंपाकघराच्या मागे वहिनी टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करत होती. आमच्या घरी टाकीत पाणी किती ते झाकण उघडून कुणी बघत नाही, वाजवून बघतात. वरून सुरुवात करायची आणि खाली खाली यायचं. टाकी घुमते तिथे रिकामी, आवाज मठ्ठ होतो तिथे पाणी. वहिनी वाजवत वाजवत खाली येत होती. छातीशी घुमली, कमरेशी घुमली, आवाज मठ्ठ झाला तो पार गुडघ्याशी. वहिनी काही बोलली नाही. मीही काही न बोलता नळ पिरगाळला, पाइपची वेटोळी करून माडाच्या बुंध्याशी ठेवली आणि हात पुसत आत आले.

एवढंच. सांगायला गेलं तर हसं होईल असं खोटं. पण पुण्याला परतताना गाडीत, कणकवली मागे पडल्यावर, मला एकदम त्या मशीनच्या पोटात सुकत असलेलं पाणी आठवलं, आणि मग ते आठवतच राहिलं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. होडीचं मशीन हेच पाणी पिऊन थंड राहतं. गाडीला रेडिएटर लागतो, याला अख्खा समुद्र आयता. खालच्या पायात एक रबरी फूल असतं, सहा पाकळ्यांचं. ते गरगर फिरत पाणी वर ओढतं, पाणी सिलिंडरभोवती खेळतं, तापतं आणि बाहेर पडतं. त्यातलीच एक बारीक धार मशीनच्या मागून दिसेलशी बाहेर येते. धार पडतेय म्हणजे मशीन पाणी पितंय, नाही तर ताबडतोब बंद करायचं. या धारेला आमच्याकडे जे म्हणतात ते लिहायला जरा संकोच वाटतो, पण दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही. “मुतता काय बघ,” बाबा ओरडायचे, आणि आम्ही पोरं होडीच्या मागे वाकून बघायचो. मशीन चालू आहे तोवर मीठ आलं तसं वाहून जातं. गोम आहे ती मशीन बंद झाल्यावर. आतल्या वाटांमध्ये, वाकणांमध्ये ओंजळभर पाणी राहतं, गरम धातूवर सुकतं आणि मीठ तेवढं मागे ठेवून जातं. म्हणून रोज संध्याकाळी गोडं पाणी लावायचं. मशीन गरम आहे तोवरच लावायचं, थंड झाल्यावर आतला थर्मोस्टॅट, म्हणजे तापलं की उघडणारी झडप, मिटून बसतो. आणि किती वेळ, तर अळणी होईपर्यंत.

हा शब्द बाबांचा. घरात एरवी तो आमटीसाठी वापरला जायचा, आणि तोही रागाने. अळणी म्हणजे बिघडलेलं, कुणाचं तरी लक्ष नसल्याचा पुरावा. एका मशीनच्या बाबतीत मात्र अळणी होणं हे चांगलं होतं. बाबा त्या धारेखाली तर्जनी धरायचे आणि जिभेला लावायचे. डोळे मिटून, आचारी बघतो तसं. “अजून खारा,” म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा. मग एकदा कधीतरी मान हलवायचे: “झाला अळणी.” मला आठवतं त्याप्रमाणे घड्याळ लावून त्यांनी मशीन कधी धुतलं नाही.

पहिलं मशीन आलं तेव्हा मी तिसरीत होते. ९.९ घोड्यांचं. दहा का नाही, हे कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. त्याआधी बाबा वल्ही मारायचे, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने मासे धरायला, जायचे. मशीन आल्यावर आमच्या घराला एक नवीन वास आला. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं, त्यामुळे रॉकेल, जळकं ऑइल आणि बांगडा यांचा मिळून एक वास बाबांच्या बंडीला, उशीला, परीक्षेच्या फीसाठी दिलेल्या नोटांनाही यायचा. वर्गात फी भरताना मी नोट आधी हुंगून बघत असे. मशीन रात्री होडीवर ठेवायचं नसे. बांबूला बांधून दोघे जण खांद्यावरून घरी आणायचे. चाळीसेक किलोचं धूड, वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतायचे. अंगणात एक लाकडी घोडा केला होता, त्याच्या फळीला मशीन टांगायचं आणि त्याचा पाय वरून कापलेल्या पिंपात सोडायचा. पिंपात गोडं पाणी. मग दोरी ओढायची. एक, दोन, तिसऱ्या ओढीला ते खाकरून सुरू व्हायचं आणि पिंपातलं पाणी उकळी फुटल्यासारखं ढवळायला लागायचं. नियम दोनच, आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते: आधी पाणी, मग मशीन. पाण्याबाहेर मशीन सुरू केलं तर ते रबरी फूल घासून जळतं, आणि त्याला फार वेळ लागत नाही. दुसरा नियम माझ्यापुरता होता: पिंपाजवळ केस मोकळे सोडून यायचं नाही.

पण पिंप दोनशे लिटरचं होतं, आणि ते भरायचं आईने.

बाबांच्या धुण्यात मला जेवढं कौतुक दिसायचं तेवढाच आईला त्यात जाच दिसायचा, आणि आता या वयात मला दोन्ही बरोबर वाटतात. पंप नव्हता. बाव घरापासून पन्नास पावलांवर, रहाट कुरकुरणारा. बारा-तेरा हंडे एका पिंपाला. तेच पाणी दोन दिवस पुरवलं तरी तिसऱ्या दिवशी ते खारट आणि तेलकट व्हायचं, फेकून द्यावं लागायचं. झाडांनासुद्धा घालायच्या लायकीचं राहायचं नाही. मे महिन्यात, बाव तळाला गेलेली असताना, आई हंडा पिंपात उपडा करायची तो आदळूनच. “माझ्या चेडवाक केस धुवक पाणी नाय, आणि ह्येका रोजचा न्हाण!” ती मशीनकडे बघून म्हणायची, बाबांकडे बघून नाही. बाबा ऐकायचे. उत्तर द्यायचे नाहीत. आणि पाणी वाचावं म्हणून एखाद्या दिवशी धुणं टाळलं, असंही कधी करायचे नाहीत. हे वागणं हट्टाचं होतं की हिशेबाचं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मशीनचं कर्ज होतं, ते मात्र खरं.

आईचा स्वतःचा एक नियम होता. कळशी बावीत सोडली की ती तळाला जाऊ द्यायची नाही. “वरच्यावर काढ, खाली खारा आसा.” मी हाताला झोला देऊन कळशी आडवी करायचे, ती हलकेच कलंडून भरायची, आणि मी ओढून घ्यायचे. मला वाटायचं, ही आईची भीती आहे. पुढे मी भूगोल शिकवायला लागले आणि कळलं की हे विज्ञान आहे. आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीचं पात्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. दोन्हीकडे खारं. तरी बावीत गोडं पाणी, कारण पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं हलकं, खारं थोडं जड. हजारला एक हजार पंचवीस, एवढाच काय तो फरक. या फरकाचं गणित घायबेन नावाच्या डच माणसाने आणि हर्त्सबर्ग नावाच्या जर्मनाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या आरंभी वेगवेगळं मांडलं: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी भिंगासारखं पसरलेलं असतं. आणि हेच उलटं वाचलं की पोटात गोळा येतो. वरून एक फूट उपसा, खालून खारं चाळीस फूट वर सरकणार. प्रत्यक्षात भरती-ओहोटी, वाळू, पट्टीची रुंदी यामुळे हिशेब इतका सरळ राहत नाही, हेही मी मुलांना सांगते. पण फळ्यावर ते भिंग काढताना मी दर वर्षी मधोमध एक छोटी बाव काढते आणि तिच्यात एक कळशी, वरच्यावर. पुण्यातल्या मुलांना ते चित्र गमतीचं वाटतं.

सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघून पर्यटक तोंडात बोट घालतात, भर समुद्रात गोडं पाणी म्हणून. मग आमच्याकडे मुक्कामाला येतात आणि अंगाची वाळू जाईपर्यंत शॉवरखाली उभे राहतात. दिवसातून दोनदा. त्यांचा दोष नाही, पाण्याची बाटली आणि शॉवर हे दोन्ही त्यांच्या भाड्यात आलं. पण मला त्या शॉवरचा आवाज ऐकवत नाही. मी स्वतः पुण्यात वीस मिनिटं अंघोळ करते, आणि तरीही.

मध्यंतरी कुठेतरी वाचलं की होडीच्या मागे टांगायचं मशीन विकून पहिल्यांदा खरा धंदा केला तो अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडने, १९०९ च्या सुमाराला. माणूस मूळचा नॉर्वेचा. (नावच ओले, मराठी माणसाला यावर न हसणं कठीण.) गोष्ट अशी सांगतात की सहलीला गेलेले असताना त्याच्या प्रेयसीला आइस्क्रीम खावंसं वाटलं, तो वल्ही मारत ते आणायला गेला आणि येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेलं, तेव्हा त्याच्या डोक्यात मशीन आलं. गोष्ट खरी की रचलेली, याच्याशी मला देणंघेणं नाही. मला त्यातलं पाणी अडलं. ती सहल तळ्याकाठची होती. गोड्या पाण्याचं तळं. म्हणजे मशीनचा जन्मच गोड्या पाण्यावरचा, आणि आम्ही त्याला आणून खाऱ्यात घातलं. लहानपणी हे ठाऊक असतं तर मी आईला सांगितलं असतं: ते त्याच्या माहेरचं पाणी मागतंय. आईने काय उत्तर दिलं असतं तेही मला माहीत आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही.

बाबा गेले, दादाने मासेमारी कमी केली आणि पर्यटकांची होडी घेतली. नवं मशीन फोर-स्ट्रोक, घोडे जास्त, आवाज कमी. ते खांद्यावरून घरी आणायचा प्रश्नच नाही. पिंपही गेलं, आता पाइप लावला, नळ सोडला की झालं. मशीन सुरूही करावं लागत नाही. पाण्याचा हिशेब मात्र फारसा बदललेला नाही. पाइपातून मिनिटाला दहा-बारा लिटर येतं, दहा मिनिटांचं शंभर-सव्वाशे लिटर झालं, म्हणजे आईच्या मापाने आठेक हंडे. हंडे वाहावे लागत नाहीत म्हणून ते दिसत नाहीत, एवढंच. वहिनीला दिसतात. पंप पंधरा मिनिटं लावते, बंद करते, बावीला दम खाऊ देते. सलग लावला तर पाणी मचूळ होतं आणि पाहुणे चहा अर्धा ठेवतात. त्या मे महिन्यात चार खोल्या भरलेल्या होत्या. सकाळी घावन्यांसाठी तांदूळ भिजत घालायचे होते. गुडघ्याएवढ्या पाण्यात.

जूनमध्ये मासेमारी बंद, आणि समुद्रावरचे पर्यटकांचे खेळही बंद. मशीन होडीवरून काढून पडवीत आणतात, ऑइल बदलतात, ग्रीस भरतात आणि आईची एक जुनी नऊवारी त्याला गुंडाळतात. पावसाळाभर ते पडवीच्या कोपऱ्यात लुगडं नेसून उभं असतं. विजा चमकल्या की रात्री एखादी बाई उभी असल्यासारखं वाटतं. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आलं की त्याला हळदकुंकू लागतं. मी जुलैत एकदा घरी फोन केला होता, तेव्हा सहज विचारलं, “मशीन बरं आहे ना?” दादा म्हणाला, “तुका काय झाला? मशीनाची चवकशी करतंस ती?” मी हसून विषय बदलला. सांगायची संधी होती ती. गेली.

दिवाळीत भाऊबीजेसाठी गेले. पाडव्याच्या दिवशी सकाळची पहिलीच फेरी, होडीत आठ जण. संगमाच्या बाहेर पडल्यावर बझर वाजला, आणि मशीनने आपणहून वेग खाली आणला. नवी मशीनं तेवढी शहाणी असतात. दादाने मागे वाकून बघितलं तर धार नाही. बंद केलं. समुद्र शांत होता म्हणून बरं. शेजाऱ्याच्या होडीने दोर लावून ओढून आणलं. आठ जणांपैकी सात जण जीव मुठीत धरून बसलेले आणि एक जण मोबाइलवर सगळं टिपत होता. दादाने काठावर उतरताच न मागता सगळ्यांचे पैसे परत केले. एका बाईंनी ते घेतले नाहीत. दिवाळीचा आठवडा म्हणजे आमच्या घराचं अर्धं वर्ष. पुढच्या पाच दिवसांच्या फेऱ्या त्याने फोन करून दुसऱ्यांना दिल्या. प्रत्येक फोनवर तेच वाक्य, तोच आवाज. मी करंज्यांचं ताट घेऊन दारात उभी होते.

भाऊबीजेच्या दिवशी मी त्याच्याबरोबर मालवणला गेले, मेकॅनिककडे. गॅरेजच्या दारावर दसऱ्याचं तोरण सुकून लटकत होतं. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून माझ्या तळहातावर ठेवला. एवढासा, वाटीत मावेलसा, पितळी रंगाचा. त्याच्या तोंडाशी पांढरं कवच धरलेलं, तव्यावर करपलेल्या खोबऱ्यासारखं, कडेला थोडं हिरवट. मेकॅनिकच्या मागे स्टोव्हवर चहाचं पातेलं होतं. त्यात त्याने साधं पाणी उकळायला ठेवलं, थर्मोस्टॅट तारेला बांधून त्यात सोडला. “पन्नास-साठ डिग्रीक उघडाक होयो,” तो म्हणाला. आम्ही तिघे पातेल्यावर वाकून बघत राहिलो. तळाला बुडबुडे आले. मोठे झाले. पाणी खळखळायला लागलं, तो तुकडा पातेल्याच्या कडेवर टणटण आपटायला लागला, आणि त्याचं तोंड मिटलेलंच. मला का कोण जाणे, लहानपणी आजीच्या तोंडात औषधाचा चमचा सरकवायचा प्रयत्न करायचो ते आठवलं. मेकॅनिकने स्टोव्ह बंद केला. मग दुसरा, नवा, सोडला. त्याने गुमान तोंड उघडलं.

मी विचारलं, मीठ तर पाण्यात विरघळतं ना? मग दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं की ते धुऊन जायला नको? मेकॅनिकला प्रश्न आवडला असावा. त्याने खिळ्याने ते कवच खरवडून दाखवलं. नुसतं मीठ असतं तर गेलं असतं. पण गरम पाण्यातून चुन्यासारखा थर बसतो, मिठाखाली अॅल्युमिनियम सडतं, त्याची पांढरी भुकटी होते, आणि हे सगळं मिळून घट्ट बसतं. मग व्हिनेगरमध्ये भिजवा, खरवडा, नाही तर बदला. त्याने हेड उघडून आतल्या वाटा दाखवल्या. काही मोकळ्या, काही निम्म्या भरलेल्या. एका कोपऱ्यात जस्ताचा एक तुकडा होता, पार कुरतडल्यासारखा झालेला. तो तसाच झिजावा म्हणून बसवलेला असतो. समुद्र त्याला खातो आणि बाकीचं मशीन वाचतं. इथे कुणालाही आपल्या आईची आठवण यावी अशी ही जागा आहे, पण माझी आई अजिबात झिजलेली नाही. ती त्या वेळी घरी बसून दादाला फोनवर विचारत होती की खर्च किती, आणि मेकॅनिक फसवत तर नाही ना.

“ह्या एका दिवसाचा नाय,” मेकॅनिक म्हणाला. “दोन-तीन वर्सांचा आसा.”

हे वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. गणित माझ्या बाजूने होतं. वर्षात अडीचशे दिवस मशीन समुद्रात जातं, त्यातली एक संध्याकाळ, त्यातलीही आठ मिनिटं. एवढ्याशा आठ मिनिटांनी थर्मोस्टॅट मिटत नाही. दादाच्या हातूनही कधी राहिलं असेल. भर हंगामात शेवटची फेरी अंधारात संपते, माणूस दमतो. हे सगळं खरं आहे, मेकॅनिकचा खिळा खरा आहे. पण गॅरेजच्या पायरीवर बसल्या बसल्या दादा स्वतःशीच म्हणाला, “मी तर रोज धुतंय,” आणि त्यात प्रश्न नव्हता, आरोप नव्हता, नुसती गोंधळलेली खंत होती. स्वतःच्याच आठवणीत तो चुकलेला दिवस शोधत असल्यासारखी. तो दिवस त्याला सापडणार नव्हता. तो माझ्याकडे होता.

संध्याकाळी ओवाळलं. त्याच्या नखांत ग्रीस होतं, सुपारी धरलेल्या बोटांना मशीनचा वास. ताटात त्याने पाकीट ठेवलं, दर वर्षीपेक्षा जाड. मी उघडून बघितलं नाही तरी कळलं. रात्री भांडी घासताना मी वहिनीला सगळं सांगितलं. नळाखाली वाटी धरून, तिच्याकडे न बघता. वहिनीने राख लावलेला तवा खाली ठेवला.

“माका म्हायत होता,” ती म्हणाली. “पायपाचो आवाज बंद झालो मा, तो हंय आयकाक येता.”

म्हणजे ती भिंतीपलीकडे उभी राहून मोजत होती. नळ दोन मिनिटांत बंद झाला हे तिने ऐकलं, दादाने विचारलेलं ऐकलं, मी दिलेलं उत्तर ऐकलं, आणि मग त्या वाचलेल्या पाण्यात तिने तांदूळ धुतले. सहा महिने ती काही बोलली नव्हती. मला तिचा राग आला आणि त्याच क्षणी कमालीचं हलकंही वाटलं, जसं दोघींनी मिळून चोरून चिंच खाल्ली होती आणि आता दोघींचेही दात आंबले होते. “त्येका सांगू नको,” ती म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. सांगितलं तर तो रागावेल म्हणून नव्हे, एवढं मला कळत होतं. सांगितलं तर तो उद्यापासून वहिनी टाकी वाजवायला आली की मशीनचा पाइप काढून ठेवेल, तसा आहे तो. आणि मग ते कवच खरोखर कुणामुळे धरलं, हा प्रश्न कायमचा वहिनीच्या गळ्यात.

मी नाही सांगितलं. हे बरोबर केलं की सोयीचं केलं, यावर माझं मन अजून भरती-ओहोटी खेळतं.

यंदा एप्रिलच्या शेवटी, पेपर तपासून झाल्या झाल्या गेले. दादाने आता घरावरच्या पन्हळींना पाइप जोडून पागोळ्यांचं पाणी साठवायला एक जास्तीची टाकी बसवली आहे, फक्त मशीनसाठी. पावसाळ्यात मशीन बंद, म्हणजे ते पाणी दिवाळीपासून वापरायचं. फेब्रुवारीतच संपलं म्हणे. परत मूळची टाकी. संध्याकाळी होडी लागली तेव्हा मी कुणी न सांगता काठावर गेले. ओहोटी होती, चिखलात खेकड्यांच्या भोकांतून बुडबुडे येत होते, मशीनला हात लावला तर उकडलेल्या बटाट्याएवढं गरम. पाइप फिरवून बसवला, नळ सोडला. आधी काहीच नाही, मग पाइप एकदा सापासारखा आकडला आणि मागून धार आली. मी तर्जनी धरली आणि जिभेला लावली. खारट, वर थोडं कडवट, गंजासारखं. बाबांना यात काय काय कळत असेल? पुन्हा धरली. खारट. तिसऱ्यांदा कळेना, ओठांवर दिवसभराचा वारा होता, बोटावर घाम. पाण्यातलं मीठ कुठलं आणि माझं कुठलं, काही लागत नव्हतं. मी पदराने बोट पुसलं, चूळ भरली, पुन्हा धरलं.

स्वयंपाकघराच्या मागून टकटक सुरू झाली. छातीशी. कमरेशी.

“अळणी झाला गो?” दादाने पडवीतून विचारलं.

“अजून नाय,” मी म्हटलं.